आत्म्याने दीन

आत्म्याने दीन : ख्रिस्ती जीवनातील नम्रतेच्या मुळाशी असलेली संकल्पना. देवापुढे मांडावे असे पुण्य, पात्रता किंवा बळ आपल्या गाठीला नाही, ही माणसाला झालेली जाणीव आणि त्या जाणिवेने त्याने देवावर टाकलेला भार, असा तिचा आशय. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाच्या पहिल्याच वाक्यात हा शब्दप्रयोग येतो : ‘जे आत्म्याने दीन ते धन्य, कारण स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे’ (५:३). उरलेली धन्यवचने (‘ते धन्य’ असे म्हणणारी प्रवचनाच्या आरंभीची वाक्ये) या पहिल्या वचनावर उभी आहेत, असे भाष्यकारांचे जुने मत आहे. शोक, सौम्यता, नीतिमत्त्वाची भूकतहान हे सारे रिकाम्या हाताने आलेल्या माणसालाच जमते, हे त्यामागचे कारण.

मूळ ग्रीक वचनात ‘प्तोखोस’ हा शब्द आहे. ग्रीकमध्ये गरिबासाठी ‘पेनेस’ असा दुसराही शब्द होता. तो हातावर पोट असणाऱ्या, कष्ट करून खाणाऱ्या माणसाला लावत. ‘प्तोखोस’ म्हणजे ज्याच्यावर हात पसरायची वेळ आली आहे तो. अंग चोरून, दबून बसणे या अर्थाच्या धातूशी त्याचा संबंध जोडतात. मत्तयाने पेनेस न घेता प्तोखोस घेतला, याला महत्त्व आहे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘आनी’, ‘आनाव’, ‘एव्योन’, ‘दाल’ या हिब्रू शब्दांसाठी प्तोखोस वारंवार आला आहे. पैकी आनी आणि आनाव एकाच कुळातले. आनी म्हणजे नाडलेला, दडपलेला. आनाव म्हणजे लीन, देवाच्या तोंडाकडे पाहणारा. ज्याला माणसांत वाली नाही तो देवाला धरून राहतो, या अनुभवातून पहिल्या अर्थाला दुसरा चिकटला असावा. मराठी वाचकाला हे उलगडून सांगावे लागत नाही. ‘गरीब’ हा पैशाचा शब्द, पण ‘स्वभावाने अगदी गरीब’ किंवा ‘गरीब गाय’ म्हणताना आपण पैशाविषयी बोलत नसतो.

खरा वाद ‘आत्म्याने’ या शब्दाचा आहे. लूककृत शुभवर्तमानातील समांतर वचनात (६:२०) तो नाही. तिथे येशू समोरच्या दीनांनाच ‘तुम्ही धन्य’ म्हणतो आणि पुढे ‘तुम्हा धनवानांची केवढी दुर्दशा’ असेही सुनावतो. दोघांपैकी मूळ पाठ कोणाचा? लूकचा आखूड पाठ आधीचा आणि ‘आत्म्याने’ ही मत्तयाची भर, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. मत्तयाचे शुभवर्तमान सामान्यतः इ. स. ८० ते ९०च्या सुमाराचे धरतात. श्रीमंत सभासदांना वचन सुसह्य व्हावे म्हणून ही भर पडली, असा आक्षेप पूर्वी घेतला जाई. १९४७पासून मृत समुद्राकाठी कुमरान येथे सापडलेल्या गुंडाळ्यांनी तो आक्षेप बराच सैल केला. तिथल्या ‘युद्धाची गुंडाळी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हस्तलिखितात ‘आत्म्याने दीन’ याच अर्थाचा हिब्रू शब्दप्रयोग आढळतो, आणि तो कठीण अंतःकरणाच्या विरोधात ठेवलेला आहे. त्या वळणाच्या लिपीत ‘वाव’ आणि ‘योद’ ही अक्षरे इतकी सारखी दिसतात की शब्द आनाव कुळातला वाचावा की आनी कुळातला, यावर एकमत नाही. तरीही एवढे दिसते की हा प्रयोग ग्रीकमध्ये बसून कोणी घडवलेला नाही, तो पॅलेस्टाइनमधील यहुदी धार्मिक बोलीतला आहे. मत्तयाने भर घातलीच असेल, तर ती शब्दाचा जुना अर्थ नव्या श्रोत्याला कळावा म्हणून, हे मत अधिक पटते. ‘दीन व भग्नहृदयी’ माणसाकडे मी पाहीन हे यशयाचे वचन (६६:२) त्याच परंपरेतले. बेझा संहिता हे शुभवर्तमानांचे जुने हस्तलिखित आणि आणखी काही हस्तलिखिते यांत मत्तयातले सौम्यांविषयीचे वचन शोक करणाऱ्यांच्या आधी, म्हणजे दीनांच्या लगोलग येते. तो क्रम मूळचा नसला तरी दोन्ही वचने जुळी आहेत, हे त्या लेखनिकांनाही जाणवले असावे.

‘आत्म्याने’ ही तृतीयाही नीट समजून घ्यावी लागते. ‘डोळ्याने अधू’, ‘पायाने लंगडा’ अशी तृतीया मराठीत अवयवातले व्यंग दाखवते (संस्कृतात पाणिनीचे ‘येनाङ्गविकारः’ हे सूत्र त्यासाठीच आहे). त्या चालीवर वाचले तर आत्म्याने दीन म्हणजे आत्मबळ नसलेला, खचलेला, असा अर्थ होईल, आणि अनेक वाचक तो करतातही. तो चुकीचा आहे. ‘मनाने मोठा’ म्हणताना जी तृतीया आपण वापरतो ती इथे लागू पडते : दीनपणा कुठे वसतो, हे ती सांगते.

आरंभीच्या शतकांतील ख्रिस्ती आचार्यांत दोन प्रवाह दिसतात. क्रिसोस्तोम आणि ऑगस्टीन यांनी वचनाचा अर्थ नम्रता असा लावला. गर्विष्ठ माणूस वाऱ्याने फुगलेला असतो, असे ऑगस्टीन म्हणतो. लॅटिनमध्ये ‘स्पिरितुस’ म्हणजे आत्मा आणि वाराही, त्यामुळे दीन तो ज्याच्यात हा वारा भरलेला नाही. डोक्यात हवा जाणे हे आपल्याला परिचितच आहे. जेरोमने नम्रतेबरोबरच पवित्र आत्म्याखातर आपखुशीने पत्करलेले दारिद्र्यही या वचनात पाहिले. मठवासींचे दारिद्र्यव्रत या दुसऱ्या प्रवाहावर वाढले.

नम्रतेचे सर्वांत तपशीलवार वर्णन सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या मठनियमात, सातव्या प्रकरणात मिळते. याकोबाने स्वप्नात पाहिलेल्या शिडीचा दाखला घेऊन त्यात बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. गर्वाने माणूस तिच्यावरून उतरतो, नम्रतेने चढतो. या पायऱ्या मूळ कोणाच्या? कासियान या आधीच्या मठवासी लेखकाने नम्रतेची दहा लक्षणे दिली होती. ‘गुरूचा नियम’ या निनावी ग्रंथाशीही बेनेडिक्टचा मजकूर पुष्कळ ठिकाणी शब्दशः जुळतो. तो ग्रंथ बेनेडिक्टवरून बेतलेला, अशी समजूत १९३०च्या दशकापर्यंत होती. आज बहुतेक जण उलट क्रम मानतात. बाराव्या पायरीवरचा साधू प्रार्थनागृहात, बागेत, वाटेवर, शेतात, बसलेला असो की चालत असो, मान खाली आणि नजर जमिनीकडे ठेवतो आणि मनात जकातदाराचे शब्द घोळवत राहतो.

हा जकातदार लूकच्या दाखल्यातला (१८:९–१४). परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस) मंदिरात उभा राहून आठवड्यातले दोन उपास आणि दिलेला दशमांश देवाला सांगतो. त्यात खोटे काही नाही, हे ध्यानात घ्यायला हवे. त्याने मागितले मात्र काहीच नाही. जकातदार लांब उभा राहून ऊर बडवतो आणि एवढेच म्हणतो, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ ग्रीकमधले हे ‘दया कर’ प्रायश्चित्ताच्या शब्दकुळातले आहे. नीतिमान ठरून घरी गेला तो हा. पूर्वेकडील मंडळ्यांतील (चर्चमधील) ‘येशू-प्रार्थना’ याच हाकेवर आधारलेली आहे. उलट बाजूचे उदाहरण नव्या करारातील प्रकटीकरण या पुस्तकातल्या, लावदिकीया शहराच्या मंडळीचे (३:१७) : ‘मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही’ असे ती म्हणते. इ. स. ६०च्या भूकंपानंतर हे शहर रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशावर पुन्हा उभे राहिले, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसने केली आहे. नगराचा हा स्वाभिमान मंडळीत उतरला असावा, असे पुष्कळ भाष्यकार सुचवतात.

धर्मसुधारणेच्या काळात नम्रतेच्या पायऱ्या मोजण्यालाच हरकत घेतली गेली. येशूची आई मरिया हिच्या गीतातील ‘दैन्यावस्था’ हा शब्द (लूक १:४८) सद्गुणवाचक नाही, तो तिची क्षुल्लक स्थिती सांगतो. आपण नम्र आहोत हे मरियेला ठाऊकच नव्हते, असे ल्यूथरने १५२१च्या भाष्यात आग्रहाने मांडले. फेब्रुवारी १५४६मध्ये त्याच्या मृत्यूनंतर सापडलेल्या चिठ्ठीचा शेवट ‘आपण भिकारी आहोत, हे खरे’ असा आहे. म्हणजे प्तोखोसच.

उपासनेत ही जाणीव मुख्यतः प्रभुभोजनाच्या आधी येते. कॅथलिक मिस्सात (प्रभुभोजनाच्या उपासनेत) शुभवर्तमानातील शताधिपतीचे, म्हणजे येशूकडे आलेल्या रोमन सैन्याधिकाऱ्याचे, ‘आपण माझ्या छपराखाली यावे अशी माझी योग्यता नाही’ हे शब्द सगळे मिळून म्हणतात. अँग्लिकन परंपरेत १५४८पासून चालत आलेल्या प्रार्थनेत मेजाखालचा चुरा वेचण्याचीही आमची लायकी नाही, असे शब्द आहेत.

मराठीत ही संकल्पना भक्तिपरंपरेच्या भाषेतून रुजली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणणाऱ्या नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) अभंगांत अभंगवाणीतला दैन्यभाव जसाच्या तसा उतरला आहे. १९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये जून १९०५मध्ये झालेल्या धार्मिक जागृतीत मुलींनी मोठ्याने रडत पापांची कबुली दिली.

विसाव्या शतकात या शिकवणीवर गंभीर आक्षेप आले. स्त्रीवादी धर्मचिंतक व्हॅलरी सेव्हिंग यांनी १९६०मध्ये असे मांडले की गर्व हे मूळ पाप ठरवणारे विवेचन पुरुषांच्या अनुभवातून आले आहे. स्वतःला पुसून टाकायला शिकवलेल्या बायकांना आणखी नम्र व्हा म्हणणे हा उपाय नव्हे. भारतात ख्रिस्ती धर्मचिंतक अरविंद निर्मळ यांनी १९८१पासून दलितांच्या स्थितीतून धर्मविचार मांडायला सुरुवात केली. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या माणसांपुढे वाकवले गेले, त्याच्यापुढे दीनतेचा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा, हा प्रश्न अशा विचारातून उभा राहतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. शुभवर्तमानातील दीनता देवासमोरची आहे. माणसाने माणसावर लादलेली हीनता तिच्यात मोडत नाही. मरियेच्या ज्या गीतात ‘दैन्यावस्था’ येते, त्याच गीतात चार ओळींनंतर अधिपती सिंहासनांवरून खाली ओढले जातात आणि दीन उंच केले जातात. पाश्चात्त्य मंडळ्यांच्या सायंप्रार्थनेत ते रोज म्हटले जाते.