पिकअपला मोठी डिझेल टाकी बसवायची आहे? आधी हे वाचून घ्या

आमच्या वर्कशॉपमधे पिकअपवाले आले की गाडीतून उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न एकच असतो, "भाऊ, शंभर लिटरच्या टाकीचे किती घ्याल?" भाव सांगतोच आम्ही, पण त्याच्या आधी विचारतो की गाडी चालते कुठं आणि बॉडीखाली जागा किती उरली. कारण कोणी बागेच्या फवारणीसाठी मागे पाण्याची टाकी अन पंप चढवलेला असतो, कोणी संत्र्याच्या क्रेटसाठी बॉडी मोठी करून घेतलेली असते, आणि त्या भानगडीत कंपनीची टाकी अशी दबून गेलेली असते की झाकणापर्यंत हातच पोचत नाही.

आधी कागदाचं सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडी कंपनीनं जशी बनवली त्यात आपल्या मनानं बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं, आणि कलम १८२अ मधे मालकाला एकेका बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून आधी आरटीओची लेखी परवानगी घ्या, विमा कंपनीलाही लेखी कळवा, मग या. "तिकडं तं बिना कागदाचे बसवून देतात" असं बरेच जण म्हणतात, पण आम्ही देत नाही, गाडी तुमची रोजीरोटी आहे आणि अडकली तर तुमचीच अडकते. पेट्रोल अन सीएनजीचं काम आम्ही घेत नाही. धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाची वेगळी टाकी असलेल्या गाडीत त्या टाकीलाही हात लावत नाही.

आता माप. ९० सेंटीमीटर लांब, ४० रुंद, ३० उंच टाकी म्हणजे १०८ लिटर, पण भरायची १०२ च्या आसपासच. डिझेल तापलं की फुगतं, २० डिग्री वाढलं तर शंभर लिटरमागे दीड लिटरच्या वर फुगतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पहाटे पंपावर गळ्यापर्यंत भरलेली टाकी दुपारी ४५ डिग्रीत उन्हात उभी राहते, मग ते जादा डिझेल जाईल कुठं? म्हणून भरायची नळी आम्ही थोडी आत उतरवतो, वर आपोआप जागा राहते. वजनही धरा, १०२ लिटर डिझेल साधारण ८५ किलो आणि २ एमएम पत्र्याची टाकी पडद्यांसकट २५-२७ किलो, म्हणजे पाचेक क्रेट माल कमी भरायचा. टाकी मोठी झाली म्हणून पासिंगचं, म्हणजे आरसीवर लिहिलेलं, वजन वाढत नाही.

डिझेल हिंदकळू नये म्हणून टाकीच्या आत पडदे लागतात, मिस्त्री लोक त्याला बॅफल म्हणतात, खाली-वर भोकं पाडलेल्या पट्ट्या असतात, दर ३० सेंटीमीटरवर एक. हे आम्ही चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाईकाला पडदे न टाकता टाकी बनवून दिली होती आणि डिझेल ओढायचा पाइपही पुढच्या टोकाला ठेवला होता. ते भाऊ परतवाड्याहून धारणीकडे चालले होते, मेळघाटात सेमाडोहच्या अलीकडे चढावर गाडी बंद. फोन आला, "काटा तं पाव टाकी दाखवून रायला, पण गाडी उचलतच नाही!" चढावर सगळं डिझेल मागच्या टोकाला जमा झालं होतं आणि पाइप पुढं हवा ओढत होता. भरल्या गाडीनिशी अंधारात हातपंप मारून मारून त्यांनी एअर काढली, तेही गाडी उताराला घेतल्यावर. ती टाकी कापून जोडली नाही, आमच्या खर्चानं नवीन बनवून दिली. तेव्हापासून ओढायचा पाइप मधोमध, तळाला खोलगट खड्डा करून त्याच्यात, आणि तळापासून बोटभर वर, म्हणजे बुडाशी बसलेलं पाणी अन गाळ इंजिनकडे जात नाही. रिटर्न पाइप त्याच्यापासून लांब सोडतो, कारण इंजिनकडून परत येणारं डिझेल गरम आणि बुडबुड्याचं असतं.

जुनी टाकी का नाही जोडली, तर डिझेल वापरलेल्या टाकीला आम्ही वेल्डिंगचा हात लावत नाही. रिकामी दिसते, पण आत वाफ भरलेली असते आणि ठिणगी पडली की टाकीचा बॉम्ब होतो. "धुवून आणली भाऊ, फक्त एक टाका मारून द्या" म्हणून कृपा करून गळ घालू नका, आणि दुसऱ्या कोणाकडूनही करून घेऊ नका.

पत्रा साधा एमएस, म्हणजे लोखंडी, किंवा स्टेनलेस वापरतो, गॅल्व्हनाइज कधीच नाही, जस्त डिझेलमधे उतरतं आणि फिल्टर-इंजेक्टरला त्रास देतं. तांब्याची नळीही नाही. टेस्टिंग साबणाच्या पाण्यानं तुमच्यासमोर होते, हवा फक्त ०.२ किलो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला तेवढा दाब. कमी वाटते ना? पण ९० बाय ४० च्या वरच्या पत्र्यावर तेवढ्यानंच ७२० किलोचा दाब येतो, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं थेट हवा मारली तर टाकी फुगून फाटते.

व्हेंट पाइप, म्हणजे टाकीत हवा ये-जा करायची नळी, टाकीच्या वर चढवून तोंड खाली वळवतो, धूळ-पाणी जात नाही, आणि त्यात गाडी पलटी झाली तर बंद होणारा व्हॉल्व्ह असतो. हा पाइप मातीनं बुजला की आत व्हॅक्यूम होतो, गाडी ओढ सोडते, पत्रा आत दबतो, म्हणून चिखलातून आल्यावर बघत जा. रबरी पाइपामुळं भरायच्या तोंडाचा चेसिसशी विजेचा संबंध तुटतो, तिथं अर्थिंगची पट्टी देतो, ती कोणाला काढू देऊ नका, पंपावर नोझल लावताना ठिणगी नको. टाकी सायलेन्सरपासून लांब आणि मधे पत्र्याची आड, बीएस-६ गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी धरणारी जाळी, साफ होताना तिथं ६०० डिग्रीच्या आसपास तापतं. चेसिसला वेल्डिंग नाही, कंपनीच्याच भोकांत बोल्ट अन पट्ट्या, खाली रबर. गोणपाट नाही, ते पाणी धरतं आणि पत्रा सडतो.

काट्यासाठी फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगणारा गोळा, टाकीच्या उंचीप्रमाणे आणि तुमच्या मीटरला जुळणारा लागतो. दहा-दहा लिटर ओतून काटा कुठं येतो ते तुम्हाला दाखवूनच गाडी सोडतो.

बसवल्यावर ५०० किलोमीटरला पट्ट्या आवळायला या, त्याचे पैसे नाहीत. १,००० ला डिझेल फिल्टर बदला, वेल्डिंगची बारीक कणी कितीही झाडली तरी थोडी राहतेच. पावसाळ्यात पंधरा दिवसाला खालचा नट ढिला करून वाटीभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, पाणी असलं तर खाली वेगळं दिसतं.

येताना आरसी, विमा अन आरटीओचा कागद आणा, गाडी रिकामी आणि डिझेल जेमतेम ठेवा. कामाला चार दिवस लागतात, म्हणून संत्र्याचा सीझन सुरू व्हायच्या आधीच या.