टोपोलॉजिकल इन्सुलेटरच्या नॅनोरचनांचे प्रकाशीय गुणधर्म

टोपोलॉजिकल इन्सुलेटर हा गाभ्यात वीजरोधक, पण पृष्ठभागावर वीज वाहू देणारा पदार्थ. बिस्मथ सेलेनाइड, बिस्मथ टेल्युराइड, अँटिमनी टेल्युराइड ही नेहमीची उदाहरणे. पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन वस्तुमान नसल्यासारखे वागतात आणि त्यांच्या स्पिनची (इलेक्ट्रॉनच्या अंगभूत चुंबकीय कलाची) दिशा गतीच्या दिशेशी जखडलेली असते. या पदार्थाची नॅनोमीटर मापाची फीत, पापुद्रा किंवा कण बनवला, की आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग वाढतो आणि प्रकाशाला मिळणाऱ्या प्रतिसादात त्याचा वाटाही वाढतो.

हा वाटा दिसेल की नाही, ते प्रकाशाच्या ऊर्जेवर ठरते. बिस्मथ सेलेनाइडची ऊर्जा-फट, म्हणजे गाभ्यातल्या इलेक्ट्रॉनाला मोकळे व्हायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. तरंगलांबीत सांगायचे तर साधारण ४ मायक्रोमीटर. याहून कमी ऊर्जेचा प्रकाश गाभ्यातल्या इलेक्ट्रॉनांना फट ओलांडायला लावू शकत नाही, म्हणून टेराहर्ट्झ पट्ट्यात (अवरक्त आणि सूक्ष्मलहरींच्या दरम्यानच्या कमी ऊर्जेच्या प्रकाशात) पृष्ठभागाचे काम उठून दिसते. २०१३ मध्ये बिस्मथ सेलेनाइडच्या बारीक फितींमध्ये डिरॅक प्लाझ्मॉन, म्हणजे पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांची सामूहिक आंदोलने, टिपली गेली. फितीची रुंदी चौपट केली की त्यांची वारंवारता निम्म्यावर येते. मात्र २ टेराहर्ट्झच्या आसपास स्फटिकजालाचे स्वतःचे कंपनही असल्याने दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि वर्णपट वाचणे जिकिरीचे होते.

गोलाकार नॅनोकणात पृष्ठभागाच्या ऊर्जापातळ्या सलग न राहता सुट्या होतात. १० नॅनोमीटर त्रिज्येला लगतच्या पातळ्यांतले अंतर ०.०३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात, म्हणजे टेराहर्ट्झ पट्ट्यातच येते. अशा कणात पृष्ठभागावरचा एकच इलेक्ट्रॉनही कणाचा प्रकाशीय प्रतिसाद बदलू शकतो, असे २०१६ मधील सैद्धांतिक काम सांगते.

दृश्य प्रकाशात चित्र निराळे. तिथे प्लाझ्मॉन आढळले तरी त्यांचे श्रेय सरसकट टोपोलॉजीला, म्हणजे पृष्ठभागाच्या या खास अवस्थांना, देणे घाईचे ठरते, कारण गाभ्यातील आंतरपट्टा संक्रमणेही (इलेक्ट्रॉनांच्या एका ऊर्जापट्ट्यातून दुसऱ्यात होणाऱ्या उड्याही) तसाच परिणाम घडवतात. गाभ्याचा मोठा अपवर्तनांक (प्रकाशाचा वेग कमी करण्याचे प्रमाण) मात्र उपयोगी पडतो: २०१७ मध्ये अँटिमनी टेल्युराइडच्या अवघ्या ६० नॅनोमीटर जाडीच्या थरावर होलोग्राम बनवला गेला.

व्यवहारातली खरी अडचण शुद्धतेची. सेलेनियमचे अणू जागेवरून निसटले की गाभ्यात मुक्त इलेक्ट्रॉन साचतात आणि पृष्ठभागाचा संकेत दबतो. ते टाळण्यासाठी बिस्मथ, अँटिमनी, टेल्युरियम, सेलेनियम अशी चौघांची संयुगे वापरतात. थर पातळ करत नेण्यालाही मर्यादा आहे: बिस्मथ सेलेनाइडमध्ये सुमारे ६ नॅनोमीटरखाली वरचा व खालचा पृष्ठभाग एकमेकांत गुंततात आणि पृष्ठभागावरही ऊर्जा-फट पडते.