अ‍ॅबस्कोपल परिणाम

कर्करोग शरीरात अनेक ठिकाणी पसरलेला असताना त्यांतल्या एकाच गाठीवर किरणोपचार करावेत आणि जिच्यावर किरण पडलेच नाहीत अशी दूरची गाठही आक्रसावी, या घटनेला अ‍ॅबस्कोपल परिणाम म्हणतात. लॅटिन ‘अ‍ॅब’ (दूर) आणि ग्रीक ‘स्कोपोस’ (लक्ष्य) हे शब्द जोडून आर. एच. मोल या ब्रिटिश संशोधकाने १९५३ मध्ये ही संज्ञा घडवली. पुढे अनेक दशके ती वैद्यकातले एक नवल म्हणूनच राहिली. १९६९ ते २०१४ या काळातले वाङ्मय चाळणाऱ्या एका आढाव्यात अशा जेमतेम ४६ रुग्णांच्या नोंदी सापडल्या.

या नवलाकडे उपचाराची शक्यता म्हणून पाहणे सुरू झाले ते मेलॅनोमामुळे. मेलॅनोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. तो दूरवर पसरला की केमोथेरपी त्याच्यापुढे फारशी टिकत नसे, आणि किरणांनाही तो दाद देत नाही असाच जुना समज होता. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातली एक रुग्ण इपिलिमुमॅब हे इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारे, औषध घेत होती, तरी रोग हळूहळू वाढतच होता. मणक्यालगतची गाठ दुखू लागली म्हणून डिसेंबर २०१० मध्ये फक्त त्या गाठीवर तीन बैठकांत मिळून २८.५ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) एवढे किरण देण्यात आले. हेतू साधा होता, वेदना कमी करण्याचा. काही महिन्यांनी स्कॅन केला तेव्हा ती गाठ तर लहान झालीच होती, शिवाय फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या लसिका ग्रंथी आणि प्लीहेतल्या गाठीही ओसरल्या होत्या. मेलॅनोमाच्या एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडेही तिच्या रक्तात वाढलेली आढळली. २०१२ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि जगभर चाचण्यांची रांग लागली. एका रुग्णाच्या गोष्टीने इतक्या संशोधकांना कामाला लावावे, असे वैद्यकात क्वचितच घडते.

यामागची कल्पना अशी. किरणांनी कर्कपेशीचा डीएनए तुटतो, त्याचे तुकडे पेशीद्रवात सांडतात आणि विषाणू शिरल्यावर वाजावी तशी धोक्याची घंटा पेशीत वाजते. मरणाऱ्या पेशींमधली प्रथिने डेंड्रायटिक पेशी (प्रतिकारशक्तीच्या टेहळ्या पेशी) उचलतात आणि लसिका ग्रंथीत नेऊन टी-पेशींना (रोगट पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना) ओळखीसाठी दाखवतात. शिकून तयार झालेल्या टी-पेशी रक्तावाटे शरीरभर फिरतात आणि तशीच प्रथिने असलेल्या दुसऱ्या गाठी शोधू शकतात. अडचण एवढीच की टी-पेशींना नैसर्गिक लगाम असतात. सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे त्यांतले दोन ठळक. इपिलिमुमॅब पहिला सैल करते, पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब ही औषधे दुसरा. या लगामांवरील कामासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्रा किती द्यावी हा प्रश्न वरवर वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. २००९ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात सीटीएलए-४ रोखणाऱ्या औषधासोबत २० ग्रे एकाच वेळी दिल्यावर दूरची गाठ हलली नाही. त्याच औषधासोबत ८ ग्रे तीनदा दिल्यावर मात्र ती आक्रसली. फार मोठी मात्रा एकदम दिली की पेशीतले ट्रेक्स-१ हे विकर सांडलेला डीएनए पुसून टाकते, म्हणजे घंटाच बंद पडते, असे २०१७ मध्ये दाखवले गेले.

माणसांवरच्या चाचण्यांनी मात्र उत्साहाला आवर घातला आहे. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ७६ रुग्णांच्या एका डच चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबआधी एका गाठीवर किरण दिले, तेव्हा प्रतिसादाचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. तरी आधी ठरवलेली यशाची पातळी गाठता आली नाही. डोके-मानेच्या कर्करोगाच्या ६२ रुग्णांत निवोलुमॅबला किरणांची जोड देऊनही फरक दिसला नाही. म्हणून दूरच्या गाठी विरघळतील एवढ्याच आशेवर किरणोपचार सुचवणे आज योग्य ठरत नाही, आणि रुग्णाच्या घरच्यांना हे आधीच मोकळेपणाने सांगायला हवे.

तरीही मेलॅनोमात किरण आणि इम्युनोथेरपी हे दोन उपचार रोज हातात हात घालून चालतात, कारण किरणांचे स्थानिक काम पक्के आहे: हाडातली वेदना, रक्तस्राव, आणि विशेषतः मेंदूतल्या गाठी. आपल्याकडे रुग्ण ज्याला ‘लाइट घेणे’ किंवा ‘शेक’ म्हणतात तो हाच उपचार. मेंदूसाठी चेहऱ्यावर जाळीदार मुखवटा बसवून डोके टेबलाला घट्ट धरले जाते आणि बारीक किरणशलाका नेमक्या गाठीवर सोडल्या जातात; दुखत काही नाही, फक्त हलायचे नसते. मेंदूची सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइड द्यावे लागले तर इम्युनोथेरपीचा जोर कमी होण्याची भीती असते, त्यामुळे त्याची मात्रा शक्य तितकी कमी ठेवतात. सैल सुटलेल्या टी-पेशी आतडे, यकृत, फुफ्फुस किंवा थायरॉइडवरही उलटू शकतात. सततचे जुलाब किंवा नवी धाप अंगावर काढू नये.

भारतात मेलॅनोमा विरळाच. तो इथे बहुधा तळपायावर किंवा नखाखाली उमटतो आणि जुने कुरूप किंवा मुका मार समजून दुर्लक्षिला जातो. औषधांची किंमत ही इथली खरी भिंत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत डोके-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅबची अवघी २० मिलिग्रॅमची मात्रा तीन आठवड्यांनी एकदा, तोंडी औषधांच्या जोडीने दिली, तेव्हा वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. तिथे किरणांची जोड नव्हती आणि रोगही वेगळा होता, त्यामुळे मेलॅनोमाला हे आकडे तसेच लावता येत नाहीत.