पुट अप

पुट अप : अनेक अर्थांनी वापरला जाणारा इंग्रजी क्रियापद-समूह. ‘पुट’ (ठेवणे) हे क्रियापद आणि ‘अप’ (वर) हे अव्यय यांचा तो बनतो. पण दोहोंच्या अर्थांची बेरीज करून त्याचे बरेचसे अर्थ हाती लागत नाहीत. अशा जोड्यांना इंग्रजी व्याकरणात ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ मधील लेखनामुळे रूढ झाली. तिचे श्रेय त्यांनी हेन्री ब्रॅडली या कोशकारांना दिले आहे.

मराठीत तिच्यासाठी कधीकधी ‘संयुक्त क्रियापद’ हा शब्द योजतात, तो फारसा सोयीचा नाही. ‘करून टाकणे’, ‘देऊन बसणे’ यांत दोन्ही घटक क्रियापदेच असतात. खरे साम्य संस्कृत उपसर्गांशी आहे. ‘हृ’ या एकाच धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार असे परस्परांपासून दूरचे शब्द होतात. उपसर्ग धातूच्या आधी येतो हे सांगून पाणिनीने वेदात तो धातूनंतरही आणि मध्ये इतर शब्द घेऊनही येतो, असे नोंदवले आहे (अष्टाध्यायी १.४.८०–८२). ‘पुट इट अप’ची रचना याहून फार निराळी नाही. सुट्या उपसर्गाला अर्थ नाही, असे प्राचीन वैयाकरण शाकटायनांचे मत यास्काने ‘निरुक्त’ या शब्दव्युत्पत्तीच्या ग्रंथात दिले आहे. गार्ग्य या दुसऱ्या प्राचीन आचार्यांच्या मते त्याला स्वतःचे अर्थ आहेत. ‘अप’पुरते गार्ग्यांचे मत अधिक जुळते.

अर्थांच्या दोन शाखा मानणे सोयीचे ठरते. पहिली ‘वर नेणे, उभे करणे’ ही. मराठीला येथे दरवेळी वेगळे क्रियापद लागते : भिंत उभारणे, मांडव घालणे, फलक लावणे, छत्री उघडणे, भाव वाढवणे. गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या वर माटोळी (फळा-पानांनी सजवलेली चौकट) बांधतात, तिच्यासाठीही इंग्रजीत हाच शब्द चालतो.

दुसरी शाखा ‘जागच्या जागी ठेवून देणे’ ही. १६११ च्या इंग्रजी बायबलात तलवार म्यानात घालण्याच्या आज्ञेसाठी ‘पुट अप’ आहे (योहान १८:११). घोडा तबेल्यात बांधणे, पाहुण्याची उतरण्याची सोय करणे हे अर्थ याच शाखेतले दिसतात. अमेरिकेत लोणची-मुरंबे बरण्यांत भरून ठेवण्यालाही ‘पुट अप’ म्हणतात. पावसाळ्याआधी गोव्यातील घरोघरी जे पुरुमेंत (पावसाळ्यासाठीची खाद्यपदार्थांची साठवण) भरले जाते, त्याच्याशी याचे नाते गोमंतकीय वाचकाला सांगावे लागणार नाही.

‘पुट अप विथ’ (सहन करणे) याची व्युत्पत्ती मात्र सरळ नाही. गैरसोयीच्या मुक्कामाशी ती जोडण्याचा मोह होतो. परंतु साधारण १६०० च्या सुमारास ‘विथ’वाचून नुसते ‘पुट अप’ हेही अपमान सोसणे या अर्थी येते. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त ते आहे. त्यामुळे ‘अपमान खिशात घालणे’ हे मूळ अधिक संभवनीय वाटते. मराठी माणूस अपराध पोटात घालतो; इंग्रजाने अपमान खिशात घातला. ‘विथ’ची जोड बहुधा अठराव्या शतकात स्थिरावली.

गोव्यात १९६१ पर्यंत कारभार पोर्तुगीजमधून चाले. मुक्तीनंतर ती जागा मुख्यतः इंग्रजीने घेतली. भारतीय कचेऱ्यांत रुळलेला ‘फाईल पुट अप करणे’ हा प्रयोग पणजी-पर्वरीच्या कार्यालयांतही सर्वांना समजतो. मराठी टिप्पणीत त्याला ‘सादर करणे’ असा नेमका शब्द आहे आणि तोच वापरावा.

‘व्हेअर आर यू पुट अप?’ हा प्रश्न भारतीय इंग्रजीत कायमच्या रहिवाशालाही विचारतात. ब्रिटिश कानाला त्यातून तात्पुरता मुक्काम ऐकू येतो. म्हणून कळंगुटला उतरलेल्या पर्यटकाला तो शोभतो, फोंड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला नाही. जत्रेतल्या नाटकासाठीही आपल्याकडे ‘पुट अप’ म्हणतात; ब्रिटनमध्ये ‘पुट ऑन’ अधिक रूढ आहे.

वाक्यात कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच येते : ‘पुट देम अप’. कर्म नाम असेल तर दोन्ही जागा चालतात. ‘पुट अप विथ’ मात्र फोडता येत नाही. तेथे सर्वनामही शेवटीच येते.