चिनी चिलखते व पोशाख

शांग राजवंशापासून (सु. इ.स.पू. १६००–१०४६) छिंग राजवंशाच्या अखेरीपर्यंत (१९१२) चीनमध्ये प्रचलित असलेली वस्त्रे आणि अंगरक्षणाची साधने. चिलखतासाठी कातडे, कासे, लोखंड, कापूस आणि प्रसंगी कागदही वापरला जाई. माहितीची साधने तीन : उत्खननात मिळालेले अवशेष, मूर्ती व चित्रे, आणि लिखित उल्लेख. या तिन्हींचा मेळ फार क्वचित बसतो. मूर्तिकाराला चिलखत ‘दिसायला’ हवे असते, लेखनिकाला ते मोजायला हवे असते. चिलखताचा पत्रा (कातड्याचा वा धातूचा चपटा तुकडा) कसा ओवला होता हे त्या पत्र्यावरची भोकेच सांगतात. म्हणून येथे जमिनीतून निघालेल्या वस्तूला अधिक वजन दिले आहे.

पोशाख : चिनी वस्त्राची जुनी खूण म्हणजे अंगरख्याचा डावा भाग उजव्यावर घेऊन तो उजव्या बगलेपाशी बंदाने बांधणे. बटणांऐवजी बंद वापरण्याची ही रीत बाराबंदी पाहिलेल्या वाचकाला परकी वाटणार नाही. उलट बाजूला बांधणे हे उत्तरेकडील भटक्या टोळ्यांचे लक्षण मानले जाई. क्वान चुंग हा मंत्री झाला नसता तर आपण केस मोकळे सोडून डावीकडे बंद बांधत बसलो असतो, असे कन्फ्यूशसचे वचन प्रसिद्ध आहे. वरचा व खालचा भाग वेगळा बेतून कमरेशी शिवलेला ‘शन-यी’ हा लांब झगा हान काळात (इ.स.पू. २०६–इ.स. २२०) प्रतिष्ठितांत रूढ होता. छांगशा येथील मावांगद्वी थडग्यातून १९७२ मध्ये निघालेला विरविरीत रेशमी झगा १२८ सेंमी. लांब असून त्याचे वजन अवघे ४९ ग्रॅम भरते. संस्कृत काव्यात येणारा ‘चीनांशुक’ हा शब्द अशा तलमपणाचीच कीर्ती सांगतो.

राजसत्तेने पोशाखाला वेळोवेळी हात घातला. चाओ राज्याचा राजा वूलिंग याने इ.स.पू. ३०७ मध्ये घोडेस्वार तिरंदाजांसाठी टोळीवाल्यांची विजार व आखूड अंगरखा स्वीकारला, तेव्हा दरबारातून मोठा विरोध झाला. याच्या उलट, पाचव्या शतकाच्या शेवटी उत्तर वेई सम्राट श्यावन याने आपल्याच श्येनपेई लोकांचा मूळ पोशाख बंद करून चिनी पद्धत लादली. मिंग दरबारात १३९१ पासून अधिकाऱ्याच्या छातीवर व पाठीवर दर्जाचा चौकोनी पट्टा आला : मुलकी अधिकाऱ्यांना पक्षी, लष्करी अधिकाऱ्यांना पशू. मांचू (छिंग) सत्तेने १६४५ मध्ये पुरुषांवर शेंडीची सक्ती केली, तिच्यापायी रक्तपात झाला.

कातडी चिलखते : ‘चौ-ली’ ग्रंथात समाविष्ट असलेल्या ‘खाओ-कुंग ची’ या कारागिरीवरील प्रकरणात चिलखते करणाऱ्याची कामे दिली आहेत. गेंड्याच्या कातड्याचे चिलखत १०० वर्षे, ‘सी’ या प्राण्याच्या कातड्याचे २०० वर्षे, आणि दुहेरी कातड्याचे ३०० वर्षे टिकते, असे तेथे म्हटले आहे. हे आकडे अर्थातच गौरवाचे आहेत. ‘सी’ म्हणजे कोणता प्राणी, हा वाद मात्र खरा आहे. जुन्या भाष्यांच्या आधारे काही अभ्यासक त्याला गेंड्याचीच एक जात मानतात; शांगकालीन अस्थिलेखांचे अभ्यासक रानम्हशीकडे झुकतात. एकाच यादीत गेंडा वेगळ्या शब्दाने आलेला असल्यामुळे रानम्हैस हा अर्थ अधिक पटतो.

शांग काळातील कातडी चिलखतांचे जमिनीतले ठसेच उरले आहेत. कासेचे टोप मात्र आन्यांग येथील एका थडग्यातून शंभराहून अधिक मिळाले. कातडी चिलखताचा उत्तम पुरावा हूपेई प्रांतातील त्संगचा सरदार यी याच्या थडग्यात (सु. इ.स.पू. ४३३, उत्खनन १९७८) सापडला. येथे मूळ कातडे कुजून गेले होते आणि त्यावर चढवलेल्या रोगणाचे पापुद्रे तेवढे पत्र्यांचा आकार धरून राहिले होते. त्यांवरून चिलखतांची पुन्हा जुळणी करण्यात आली. (हे रोगण झाडाच्या चिकाचे असते, आपल्याकडील किड्यांपासूनच्या लाखेशी त्याचा संबंध नाही.)

मातीचे सैन्य आणि दगडी चिलखते : छिन सम्राटाच्या समाधीजवळ १९७४ मध्ये सापडलेल्या मातीच्या सैनिकांच्या अंगावर चिलखताची रचना बारकाईने कोरली आहे. छातीवर वरचा पत्रा खालच्यावर चढतो. पोटावर हाच क्रम उलटतो आणि खालचा पत्रा वरच्यावर येतो, जेणेकरून सैनिकाला वाकता यावे. खऱ्या चिलखताशेजारी उभ्या असलेल्या कारागिराखेरीज हा बारकावा कोणाला सुचणार नाही.

या सैनिकांच्या डोक्यावर टोप नाहीत. छिन सैनिक शौर्याच्या भरात चिलखत फेकून शत्रूवर धावत, अशा अर्थाच्या जुन्या उल्लेखांवर विसंबून हे बेफिकिरीचे लक्षण मानले जात असे. १९९८ मध्ये समाधीच्या आवारातच चुनखडीच्या पत्र्यांची चिलखते असलेला खड्डा सापडला आणि त्यात दगडी टोपही निघाले. जुळवलेल्या एका चिलखतात ६१२ पत्रे असून वजन सुमारे १८ किग्रॅ. आहे. तांब्याच्या तारेने ओवलेली ही चिलखते युद्धासाठी नव्हे, मृतासाठी होती. पण छिन सैनिक टोप वापरतच नसत हे म्हणणे त्यांनी निकालात काढले.

लोखंडी पत्रे : हान काळात लोखंडाने कातड्याला मागे टाकले. मानछंग येथील ल्यू शंग (मृ. इ.स.पू. ११३) या हान राजपुत्राच्या थडग्यात २,८५९ पत्र्यांचे लोखंडी चिलखत मिळाले. येथे पत्रे अस्तरावर शिवलेले नसून एकमेकांना ओवलेले असतात. खवल्यांच्या चिलखतापासून हा प्रकार वेगळा धरावा. तिसऱ्या शतकापासून ‘मिंग-क्वांग’ (तेजस्वी) चिलखताचे नाव आढळते. त्साव घराण्यातील कवी त्साव ची याच्या एका निवेदनात ते येते. छातीवर दोन गोल तबकड्या असलेल्या मूर्तींना हे नाव लावण्याचा प्रघात आहे, परंतु नाव व रूप जोडणारा समकालीन आधार दुबळा आहे.

‘शान-वन’चा प्रश्न : थांग राजवंशाच्या प्रशासनावरील आठव्या शतकातील ‘थांग ल्यू-त्येन’ ग्रंथात चिलखताचे १३ प्रकार दिले आहेत. त्यांत पांढऱ्या कापडाचे, काळ्या रेशमाचे व लाकडाचेही आहे. कड्यांच्या जाळीचे आहे, जे मध्य आशियातून आले असावे. आणि ‘शान-वन’, म्हणजे पर्वतनक्षीचे आहे. वर्णन काही नाही, केवळ नाव. इकडे थांग काळापासून मिंग काळापर्यंतच्या शिल्पांत, विशेषतः बौद्ध लोकपालांच्या मूर्तींत, तीन टोकांच्या चांदण्या एकमेकींत अडकल्यासारखी नक्षी दिसते. हे नाव आणि ही नक्षी एकच, असे धरून एक मत सांगते की तीन फाट्यांचे छोटे पत्रे शिवणीविना गुंतवून हे चिलखत बनत असे. हल्ली हौशी कारागीर याच पद्धतीने नमुने करतात. दुसऱ्या मतानुसार ती कड्यांची जाळी दाखवण्याची शिल्पकारांची ठरीव रीत आहे. सगळ्या कड्या कोरणे अवघड, म्हणून हा संकेत.

थांग काळातला खात्रीने ओळखता येईल असा तीन फाट्यांचा पत्रा उत्खननात मिळालेला नाही. शिवाय लोकपाल हे देव. त्यांच्या अंगावरील साज सैन्याच्या कोठारातलाच असेल असे नाही. हजारो साधे आयताकृती पत्रे सापडावेत आणि या आकाराचा एकही सापडू नये, हे पाहता दुसरे मत अधिक सुरक्षित आहे.

सुंग काळ : या काळाचे लिखित पुरावे विपुल आहेत. ११३४ च्या नियमाप्रमाणे पायदळाच्या पूर्ण चिलखतात १,८२५ पत्रे असून वजन ५० चिन, म्हणजे सुमारे ३० किग्रॅ., यापलीकडे जाऊ नये असे बंधन होते. १०४० मध्ये शान्शी सीमेवरील तिरंदाजांसाठी ३०,००० कागदी चिलखते करण्याचा हुकूम निघाला होता.

शन ख्वो (१०३१–९५) या सुंगकालीन विद्वानाने छिंगथांग येथील छ्यांग लोकांच्या चिलखताची हकीकत दिली आहे. लोखंड न तापवता थंडच ठोकत मूळ जाडीच्या एक-तृतीयांशावर आणले जाई. पत्र्याच्या टोकाशी चामखिळीएवढा एक उंचवटा न ठोकता राखत. मूळ जाडी किती होती याची ती साक्ष. हान छी या सेनापतीने असे एक चिलखत ५० पावलांवर ठेवून त्यावर जबर यांत्रिक धनुष्यातून (क्रॉसबो) बाण सोडविले. एकच बाण आत शिरला, तोही वादी ओवण्याच्या भोकात बसला म्हणून. भोकाच्या कडेने बाणाच्या फाळाचे लोखंड सोलून मागे वळले होते. पुढे लोक साध्या पत्र्याला नुसती चामखीळ लावून विकू लागले, असेही शन ख्वो नोंदवतो.

उत्तरकाळ : मिंग व छिंग काळात पत्रे कापडाच्या आत खिळ्यांनी बसवलेले चिलखत रूढ झाले, बाहेरून फक्त खिळ्यांची डोकी दिसत. बंदुकीच्या गोळीसाठी कापूस भिजवून तुडवून दाट केलेली चिलखतेही होती. छिंगच्या आठ ध्वजांची (सैन्यविभागांची) चिलखते ध्वजाच्या रंगांत असत. अठराव्या शतकात ती बहुतांशी संचलनापुरती उरली आणि अनेकांत कापडावर खिळे तसेच राहिले, आतले पत्रे मात्र गेले.