वाळा, ऊद आणि धूर: अत्तर अंगावर टिकतं तेव्हा काय घडतं

अत्तराच्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "सकाळी लावा, रात्रीपर्यंत जाणार नाही, अस्सल माल आहे." यातलं टिकण्याचं आश्वासन बहुतेक वेळा खरं ठरतं. अस्सलपणाशी मात्र त्याचा काही संबंध नसतो. कारखान्यात तयार झालेली कित्येक कृत्रिम कस्तुरीद्रव्यं कपड्यावर आठवडाभर रेंगाळतात, आणि अस्सल मोगऱ्याचं अत्तर दुपारपर्यंत विरून जातं. टिकणं हा रेणूचा गुण आहे, शुद्धतेचा दाखला नव्हे.

मातकट, काळपट, धुरकट वासाच्या अत्तरांबद्दल हा गैरसमज सर्वांत जास्त आहे, कारण वाळा, नागरमोथा, पॅचौली (एका झुडपाची सुगंधी पानं), ऊद (अगरूचं लाकूड), मिट्टी (भाजलेल्या मातीचं अत्तर) ही मंडळी खरोखरच खूप टिकतात. पण ती सगळी एकाच कारणाने टिकत नाहीत. कारणं दोन आहेत. ती वेगळी ओळखता आली, की कोणतं अत्तर किती आणि कुठे लावायचं हे आपोआप कळतं.

पहिलं कारण जडपणा. संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनमध्ये कार्बनचे १० अणू असतात, रेणुभार १३६. वाळ्याचं खुसिमॉल, पॅचौलीचं पॅचौलॉल, चंदनाचं सँटालॉल या सगळ्यांत कार्बनचे १५ अणू असतात आणि रेणुभार २२०च्या आसपास. त्यांतल्या प्रत्येकाला एक हायड्रॉक्सिल गटही (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो, त्यामुळे ते एकमेकांना धरून राहतात. फरक दीडपटीचा दिसतो, पण उडून जाण्याच्या क्षमतेत, म्हणजे बाष्पदाबात, तो हजारो पटींचा होतो. म्हणून लिंबूवर्गीय वास अर्ध्या तासात संपतो आणि वाळा दिवसभर हळूहळू सुटत राहतो.

दुसरं कारण नाकाचं आहे. धुराचा मुख्य वास गुआयाकोल या रेणूचा. लाकडातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारं द्रव्य, तापून तुटलं की तो तयार होतो. त्याचा रेणुभार फक्त १२४, म्हणजे लिमोनीनपेक्षाही कमी. तो जड नाही, तरी धुराचा वास शर्टाला दुसऱ्या दिवशीही येतो, कारण आपलं नाक त्याच्या अत्यल्प मात्रेलाही जागं होतं. पाण्यात अब्ज भागांत काही भाग एवढा गुआयाकोलही ओळखू येतो. ओल्या मातीच्या वासातला जिओस्मिन तर याच्याही पुढे आहे. लिटरभर पाण्यात १० नॅनोग्रॅम असला तरी अनेकांना तो जाणवतो. २५ लाख लिटरचा ऑलिंपिक तरणतलाव मातकट वासाचा करायला २५ मिलिग्रॅम जिओस्मिन पुरतो. (आम्लात जिओस्मिन मोडतो आणि त्याचा वास जातो. तळ्यातल्या रोहू-कटल्याला लिंबू किंवा चिंच लावून ठेवण्याची पद्धत म्हणूनच रसायनशास्त्राला धरून आहे.)

आता त्वचेवर काय होतं ते पाहू, कारण खरी मौज तिथे आहे.

अत्तराचा थेंब हे मिश्रण आहे आणि मिश्रणाला राउल्टचा नियम लागू होतो. कोणत्याही घटकाचा हवेतला दाब म्हणजे त्याचा शुद्ध अवस्थेतला बाष्पदाब गुणिले मिश्रणातला त्याचा वाटा. वाटा वजनाचा नाही, रेणूंच्या संख्येचा. समजा चंदनतेलातल्या १०० रेणूंमागे १ रेणू गुआयाकोलचा आहे. मग तो शुद्ध असताना जेवढा उडाला असता त्याच्या शंभराव्या भागाने उडेल. चंदनतेल स्वतः जवळजवळ उडत नाही, ते गुआयाकोलला धरून ठेवतं. वाटा निम्मा झाला की उडण्याचा वेगही निम्मा होतो. म्हणजे घट ठरावीक मापाने होत नाही, ठरावीक वेळेला निम्मी-निम्मी होत जाते. समजा सुरुवातीला हवेतलं प्रमाण नाकाच्या किमान मर्यादेच्या हजारपट होतं. ते त्या मर्यादेखाली यायला दहा वेळा निम्मं व्हावं लागेल, कारण दोनाचा दहावा घात १०२४. मुळात मर्यादेच्या चौपट असलेला वास मात्र दोनदा निम्मा झाला की मर्यादेवर येऊन ठेपतो. धुराच्या चिकाटीचं गणित हे एवढंच आहे.

याच नियमाची दुसरी बाजू आणखी सुंदर आहे. हलके रेणू उडून गेले की उरलेल्या थेंबात जड रेणूंचा वाटा वाढतो, आणि वाटा वाढला की त्यांचा हवेतला दाबही वाढतो. म्हणून वाळ्याचं किंवा पॅचौलीचं अत्तर लावल्यावर अर्ध्या तासाने जास्त गडद वाटतं. नवीन काही तयार झालेलं नसतं, गर्दी कमी झालेली असते. (सगळे रेणू एकमेकांशी सारखेच वागतात असं इथे गृहीत धरलंय. प्रत्यक्षात गुआयाकोल आणि सँटालॉल हायड्रोजन बंधांनी एकमेकांना ओढतात, त्यामुळे नियमापेक्षा थोडं कमीच उडतं. त्यासाठी क्रियाशीलता गुणांक नावाचा दुरुस्तीचा आकडा वापरावा लागतो.) तेव्हा असलं अत्तर पहिल्या पाच मिनिटांत पसंत-नापसंत करू नये. मनगटावर लावून निदान ४० मिनिटं थांबावं आणि मग विकत घ्यायचं की नाही ते ठरवावं.

उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या अत्तर-कारागिरांनी हे गणित न मांडताच वापरात आणलं. तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, माती, वाळा किंवा फुलं पाण्यात उकळतात. वाफ बांबूच्या नळीतून, म्हणजे चोंग्यातून, पाण्यात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे अर्क गोळा करायच्या भांड्यात, उतरते, आणि भपक्यात आधीच चंदनतेल घातलेलं असतं. वास पकडायला आणि तो धरून ठेवायला एकच द्रव्य! मिट्टी अत्तरासाठी डेगमध्ये भाजलेल्या मातीचे तुकडे घालतात. १९६४ मध्ये बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसाच्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव देणारा शोधनिबंध 'नेचर'मध्ये लिहिला, त्यात कनौजच्या या धंद्याचा उल्लेख आहे. चंदन महागल्यामुळे हल्ली अनेक ठिकाणी भपक्यात लिक्विड पॅराफिन किंवा डायएथिल थॅलेट हे कृत्रिम द्रावक असतं. पॅराफिनही उडत नाही, पण त्याला स्वतःचा वास नाही आणि ते गुआयाकोलसारख्या ध्रुवीय रेणूंना नीट धरत नाही. थॅलेटमुळे काही प्लास्टिकं आणि लाकडाचं पॉलिश मऊ पडतं, म्हणून अशी कुपी टेबलावर आडवी ठेवू नये.

आता लावण्याबद्दल. निव्वळ वाळ्याचं तेल, म्हणजे रूह खस, असेल तर काचेच्या काडीचं टोक एकदा टेकवलं की पुरे. १० मिली चंदनतेलात किंवा बिनवासाच्या तेलात १ मिली रूह खस मिसळलं तर रोज वापरण्याजोगं अत्तर होतं. नागरमोथा निम्मा घ्यावा, कारण त्याच्या चामड्यासारख्या धुरकटपणाखाली बाकीचं सगळं दबतं. धुराचं तेल, म्हणजे केड (जुनिपर) किंवा बर्च या झाडांच्या लाकडापासून काढलेलं डांबरी तेल, १० मिलीला एकच थेंब, साधारण ०.३ टक्के. दुसरा थेंब घातलात की औषधी डांबराचा वास येऊ लागतो आणि तो काढता येत नाही. इथे सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. कच्च्या केड तेलात कर्करोगकारक बहुवलयी हायड्रोकार्बनं असतात, म्हणून आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या, इफ्राच्या, नियमांत फक्त शुद्ध केलेल्या तेलालाच परवानगी आहे. कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी, लाली आली तर ते तेल कपड्यापुरतंच ठेवावं.

त्वचा कोरडी असेल तर आधी व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. उडण्याचा वेग कमी करणारं न उडणारं द्रव्य त्यामुळे वाढतं, म्हणजे पुन्हा राउल्टच. त्वचेचं तापमान ३२ अंशांच्या आसपास असतं. तापमान १० अंशांनी वाढलं की जड रेणूंचा बाष्पदाब साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. नागपूरच्या मे महिन्यात थंडीतल्या मात्रेच्या निम्मं लावावं ते याचसाठी. मनगटं एकमेकांवर घासल्याने 'रेणू तुटतात' असं सांगतात, तसं काही होत नाही. रेणू तोडायला लागणारी ऊर्जा हाताच्या घर्षणातून मिळत नाही. घासल्याने थेंब पसरतो आणि तापतो, त्यामुळे हलके वास लवकर उडतात, एवढंच.

सर्वांत जास्त घोळ होतो तो नाकाच्या सवयीने. गंधपेशीवर रेणू जाऊन बसला की कॅल्शियम आत येतं आणि तेच कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनामार्फत त्या पेशीचे आयनमार्ग, म्हणजे विद्युतभारित कण आत येण्याच्या वाटा, कमी संवेदनशील करतं. वरून मेंदूही एकसुरी संदेशाकडे दुर्लक्ष करू लागतो. लावणाऱ्याला वाटतं, अत्तर उडालं. तो पुन्हा लावतो आणि लिफ्टमधल्या बाकीच्यांना डोकेदुखी होते. कानातला फाया या बाबतीत चांगला आणि वाईट दोन्ही: कापूस तेल साठवून हळूहळू सोडतो, पण तो नाकाजवळ असल्याने स्वतःचं नाक लवकर बधिर होतं. काळपट अत्तर छातीवर बनियनच्या आत किंवा कोपराच्या खोबणीत लावावं. पुन्हा लावण्याआधी मोकळ्या हवेत १५ मिनिटं जावं किंवा दुसऱ्या कुणाला विचारावं. दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात, पण प्रयोगात त्या साध्या हवेपेक्षा सरस ठरलेल्या नाहीत.

काहींना एखादा वास मुळातच येत नाही. नागरमोथ्याच्या कंदात सापडलेला रोटंडोन हा मिरीसारख्या वासाचा रेणू. ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सुमारे एक पंचमांश लोकांना तो भरपूर मात्रेतही जाणवला नाही. एकाच कुपीबद्दल दोन माणसं भांडतात तेव्हा दोघंही खरं बोलत असू शकतात.

रात्री असलं अत्तर लावून बाहेर पडलं की 'बाहेरचं' मागे लागतं, ही भीती अजून अनेक घरांत मुलींना घातली जाते. वासाने मागे येतात ते किडे. २०२०च्या एका संशोधनात मातीतले स्प्रिंगटेल नावाचे बारीक जीव जिओस्मिनच्या दिशेने जातात असं दिसलं. जिओस्मिन तयार करणारे स्ट्रेप्टोमायसिस जीवाणू ते खातात आणि त्यांचे बीजाणू पसरवतात. मातीच्या वासाने खरोखर बोलावलं जातं ते यांना.

पांढऱ्या सदऱ्यावर मात्र जपून. ऊद तपकिरी डाग देतो, आणि तांब्याच्या डेगमधून आलेलं रूह खस हिरवट असतं, कारण त्यात तांब्याचे क्षार उतरलेले असतात. कपड्याला लावायचं तर आतल्या शिवणीला लावावं. अंगावर जास्त झालं तर पाण्याने धुऊन काही होत नाही, हे रेणू पाण्यात फारसे विरघळत नाहीत. आधी त्या जागी खोबरेल तेल चोळावं, दोन मिनिटांनी कोरड्या फडक्याने टिपून घ्यावं, पुन्हा एकदा तसंच करावं, आणि मग साबण लावावा.