नाकातून घशात दुर्बीण: स्पीच थेरपिस्टला नाक-घसा परत का शिकावा लागला

लकवा मारलेल्या माणसाला पाणी पाजलं की ठसका लागतो, आणि कधीकधी तर ठसकाही लागत नाही, पाणी गुपचूप श्वासनलिकेत उतरतं आणि मग छातीत न्यूमोनिया होतो. घरात हे बघितलेल्या माणसाला गिळण्याची तपासणी कशासाठी ते सांगायला नको. ती तपासणी आज बऱ्याच ठिकाणी स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलण्या-गिळण्याच्या अडचणींवर उपचार करणारे, नाकातून बारीक दुर्बीण घालून करतात, पण ही दुर्बीण त्यांच्या हातात यायला बराच काळ गेला.

जिवंत माणसाचं स्वरयंत्र हलताना नीट बघून त्यावर सविस्तर लिहिलं ते एका गाण्याच्या मास्तरांनी, मॅन्युएल गार्सिया यांनी. १८५४ साली त्यांनी दाताच्या डॉक्टरांचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने ऊन आत पाडलं आणि स्वतःचेच स्वरतंतू बघितले, पुढच्या वर्षी ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं गेलं. म्हणजे घशात डोकावणं ही फक्त डॉक्टरांची गोष्ट सुरुवातीपासूनच नव्हती, आणि मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण पुढे वाद नेमका यावरच झाला. पण आरसा तोंडातून जायचा, त्यामुळे बोलताना किंवा घास गिळताना काही बघणं शक्य नव्हतं. १९५४ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॉपकिन्स आणि आपले पंजाबचे नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येतं हे दाखवलं, आणि १९६८ मध्ये जपानच्या सावाशिमा आणि हिरोसे यांनी तशी लवचिक दुर्बीण नाकातून घशात नेली, तीही आजार शोधायला नाही तर माणूस बोलताना स्वरयंत्र काय करतं ते बघायला.

गिळण्यासाठी मात्र तोवर एक्स-रेच होता. एक्स-रेत उठून दिसणारं बेरियम मिसळलेला घास देऊन व्हिडिओ काढायचा, अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्ट जेरी लोगमन यांच्या कामामुळे ही पद्धत स्पीच थेरपीत पक्की बसली. पण क्रिटिकल पेशंटला एक्स-रे रूमपर्यंत न्यायचं कसं, आणि रेडिएशन किती वेळा द्यायचं? अमेरिकेत स्पीच थेरपिस्ट सुझन लँगमोर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ‘फीस’ (FEES, म्हणजे दुर्बिणीतून गिळण्याची तपासणी) ही पद्धत छापून मांडली, पलंगाशेजारीच दुर्बीण घालून रंगीत घास देऊन बघायची.

आणि इथे शिकण्याचा खरा प्रश्न आला. पुस्तकातला घसा बाजूने कापलेला असतो आणि एक्स-रेतलाही बाजूनेच दिसतो, दुर्बीण मात्र वरून खाली बघते, शिवाय पेशंटची उजवी बाजू स्क्रीनवर डावीकडे येते. जिभेचं मूळ आणि एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरचं झाकण) यांच्यामधले खळगे, स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंच्या खोलगट जागा, जिथे उरलेला घास साचतो आणि नंतर हळूच श्वासनलिकेत सांडतो, हे सगळं नव्याने ओळखावं लागतं. अन्ननलिकेचं तोंड तर एरवी मिटलेलंच, नवीन माणूस ते शोधत बसतो. त्यात प्रत्यक्ष गिळण्याच्या क्षणी घसा दुर्बिणीभोवती आवळला जातो आणि स्क्रीन पांढरी होते, म्हणून आधी काय होतं आणि नंतर काय उरलं यावरूनच बरंचसं ठरवायचं, मग जागा ओळखण्यात चूक झाली की निष्कर्षच चुकला.

नाकाचं तर आणखी वेगळं. स्पीच थेरपीच्या अभ्यासात नाक यायचं ते आवाज नाकात जातो का एवढ्यापुरतं, आत वाट कुठून काढायची हे कोण शिकवणार. नाकाचा पडदा कितीतरी जणांचा वाकडा असतो, त्याच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्यांचं जाळं आहे, तिथे टोक घासलं की घोळणा फुटतो. म्हणून आधी दोन्ही नाकपुड्या तपासायच्या, मग नाकाच्या तळाने, खालच्या टर्बिनेटच्या (नाकाच्या आतल्या भिंतीवरच्या हाडाच्या उंचवट्याच्या) बाजूने सावकाश सरकायचं, आणि मागे पोचलं की पेशंटला नाकाने श्वास घ्यायला सांगायचं म्हणजे मऊ टाळू खाली येतो आणि वाट मोकळी होते. हे हाताला कळायला लागतं, नुसतं वाचून येत नाही.

थेरपिस्टने दुर्बीण घालावी का याबद्दल कान-नाक-घसा डॉक्टरांच्या मनात शंका होत्या आणि त्या अगदी चुकीच्या नव्हत्या. तडजोड साधारण अशी झाली की गिळण्याची क्रिया थेरपिस्टने बघावी, गाठ किंवा व्रण दिसला तर निदान डॉक्टरांनी करावं. पण गाठ आहे हे ओळखायला आधी नॉर्मल घसा भरपूर बघितलेला हवा ना! म्हणून ठिकठिकाणी प्रशिक्षणाला शिस्त आली, जर्मनीत न्यूरॉलॉजी आणि स्ट्रोकच्या संघटनांनी आखलेल्या अभ्यासक्रमात ६० तपासण्या कराव्या लागतात, त्यातल्या निम्म्या थेट देखरेखीखाली.

आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे तोंडा-घशाच्या कॅन्सरचे पेशंट इतके आहेत की इथल्या थेरपिस्टला फक्त नॉर्मल रचना शिकून भागत नाही. ऑपरेशनमध्ये जिभेचा भाग काढलेला, रेडिएशनने एपिग्लॉटिस सुजलेलं, नाकातून नळी आधीच घातलेली, अशा घशात नेहमीच्या खुणा जागेवर नसतात, आणि पेशंटला तोंडाने खाऊ द्यायचं का ते तिथेच ठरवायचं असतं.